बर्फ कुठला होता

१९ मे २००९, मंगळवार

आज डॉक्टरांसमोर खोटं बोलले. घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. दुसरं कारण नाही. रोजनिशीचा शौक मला कधीच नव्हता.

घडलं ते असं. रविवारी पुण्याचं कुटुंब आमच्याकडे उतरलं. निकेत, त्याची बायको आणि सात वर्षांची रिया. खाडीकडची खोली दिली. सोमवारी दुपारी जेवायला तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं सुकं, भात, सोलकढी. चार वाजता माझी आइस कॉफी. रात्रीपासून तिघांनाही उलट्या-जुलाब. सकाळी रिया डोळे उघडेना. रिक्षात घालून मालवणला नेली.

डॉक्टरांनी विचारलं, "काल काय खाल्लं होतं?"

मी चटकन म्हणाले, "तिसऱ्या. सत्यवतीकडच्या."

मासेवालीच्या नावासकट! नाव कुणी विचारलं होतं?

रियाने तिसऱ्यांना हातसुद्धा लावला नव्हता. ताटात बघून "ई, शंख!" म्हणाली. तिला मी वरणभात वाढला. तिसऱ्या मी खाल्ल्या, माझ्या सुनेने, प्राजक्ताने खाल्ल्या. आम्ही दोघी ठणठणीत. कॉफी मात्र त्या तिघांनीच प्यायली, रियाने दोन ग्लास. माझे दात थंड सोसत नाहीत आणि प्राजक्ता कॉफी पीतच नाही.

चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. हे कोडं सुटायला मला कितीसा वेळ लागणार? दवाखान्याच्या पायरीवरच सुटलं होतं. आत जाऊन मी तरीही "तिसऱ्या" म्हणाले.

२० मे

रियाला सलाईन चालू आहे. ताप उतरला नाही.

कॉफीबद्दल लिहायलाच हवं. ती माझी. दोन वर्षांपूर्वी घराच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो तेव्हा प्राजक्ता म्हणाली, "आई, पुण्या-मुंबईच्या लोकांना दुपारी गरम चहा नको असतो." मग मी बसवली. बेळगावची कॉफी पावडर. कडक काढा करायचा, गाळायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा — कोमट काढ्यावर बर्फ घातला की कॉफी पांचट होते. साखर नाही, काकवी. दुधात नारळाचा पहिला रस, चौथा हिस्सा. वरून वास: एक दिवस वेलची, एक दिवस जायफळ. प्राजक्ताने एकदा आंब्याचा रस घालून पाहिला. "हापूसने तुझं काय घोडं मारलंय?" म्हणून मी तो ग्लास बाजूला सारला. बर्फ फडक्यात बांधून वरवंट्याने फोडायचा. बारीक नाही, हरभऱ्याएवढा.

बर्फ.

सोमवारी सकाळपासून वीज नव्हती. फ्रीजच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी. आणि मी फाटकावरच्या फळ्यावर 'आज जायफळ कॉफी' लिहून मोकळी झालेली. लिहिलं ते पुसायचं नाही, ही माझी जुनी खोड. शेजारी लवूच्या होडीचा मांडव आहे. तिथे थर्माकोलच्या खोक्यात मासळीचा बर्फ असतो. कारखान्यातून टेम्पोने येतो, जमिनीवर ओढतात, फावड्याने भरतात. आमच्या देवबागेत शेंबडं पोरसुद्धा तो तोंडात घालत नाही. त्यावर आदल्या दिवशी बांगडे निजले होते.

लवू नव्हता. मी दोन ढेकळं उचलली. विहिरीच्या पाण्याने तीनदा धुतली. वास घेऊन पाहिला. "धुतलं की झालं" असं चक्क मोठ्याने म्हणाले! वर्गात एखाद्या पोराने असलं उत्तर लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं.

२१ मे

रियाने पेजेचे चार चमचे घेतले. ताप नाही. वाचलो.

वाचलो म्हणजे कोण, ते मात्र लिहवत नाही.

२२ मे

पाहुणे पुण्याला गेले. खोलीचं भाडं घेतलं नाही. निकेत जाताना पाया पडायला वाकला. "आजी, तुम्ही दोन रात्री दवाखान्यात बसलात. सख्खं माणूस करणार नाही." मग हसून, "त्या मासेवालीचं तेवढं बघा. तुमची कॉफी मात्र फर्स्ट क्लास होती हं!" रिया रिक्षातून ओरडली, "आजी, पुढच्या वेळी पण दोन ग्लास!"

मी हात हलवला.

२४ मे, रविवार

संध्याकाळी घरगुती निवासवाल्यांची बैठक गुरुदासच्या पडवीत. गुरुदास मंडळाचा अध्यक्ष. माझाच विद्यार्थी, आठवीत दोनदा नापास झालेला. आता सहा खोल्या आणि दोन बोटी आहेत.

म्हणाला, "पर्यटकांपर्यंत ही बातमी गेली तर पुढचा हंगाम संपला. आजपासून सत्यवतीकडून कोणीही काही घ्यायचं नाही. तिसऱ्या नाहीत, मासळीही नाही."

कुणीतरी मागून बोललं, "ती बिचारी करतली काय?" गुरुदास म्हणाला, "मगे आमी काय करूचा? तिका जेवक घालू?" सगळे हसले.

मग ठराव लिहायची वेळ आली. "बाईनू, तुमचा अक्षर बरा. तुमीच लिवा."

लिहिला. 'सर्वानुमते' हा शब्द ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर लिहिला. खाली सही केली.

२६ मे

सत्यवती आली. ती पन्नाशीची, नवरा नाही, ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढते. रात्रभर पाण्यात ठेवून त्यांची वाळू सोडवते, मग दारोदार विकते. वीस वर्षं माझ्या दारी येते आहे. आज टोपली रिकामी होती. तरी डोक्यावर चुंबळ होती आणि चुंबळीवर टोपली. सवयीने असेल. पायरीवर बसली.

"बाईनू, माका एक सांगा. माझे तिसरे तुमी खाल्लास?"

"खाल्ले."

"प्राजक्तान खाल्ल्यान?"

"हो."

"मगे तुमका दोघींक कायच कसा जावक नाय?"

शिकलेली नाही ही बाई. सही करता येत नाही. प्रश्न मात्र नेमका!

मी म्हणाले, "आमच्या पोटांना सवय आहे. शहरातल्या माणसांचं पोट नाजूक."

"दोन वर्सात पुण्याचे, मुंबयचे किती जेवले तुमच्याकडे. कोणाचा प्वॉट नाजूक नाय होता?"

मी दुपारच्या कामाचं निमित्त केलं. उठताना म्हणाली, "बरां. मी देवाक गाऱ्हाणा घालतलंय. बुधवारी, आठ दिसांनी."

ती गेल्यावर मला काय वाटलं ते लिहिते, कारण ठरवलं आहे की इथे तरी खोटं लिहायचं नाही. वाटलं — ही वाटा लावताना दोन तिसऱ्या कमीच टाकते. हिची टोपली कळकट असते. हिला काय, कुठेही मजुरी मिळेल. असा मी तिच्याविषयी जवळजवळ तासभर विचार करत बसले. तेवढाच वेळ बरं वाटलं.

२७ मे

नव्या पाहुण्यांनी कॉफी मागितली. "पावडर संपली," म्हणाले. डबा गच्च भरलेला आहे. फळा उतरवून ठेवला.

२९ मे

प्राजक्ता मालवणच्या बाजारातून आली ती पिशवी ओट्यावर टाकूनच बोलायला लागली.

"आई, ऐकलंत? सत्यवतीने आज मासळी बाजारात स्टो नेला. सगळ्यांच्या समोर तिसऱ्या शिजवल्या आणि ताट भरून एकटीने खाल्ल्या. म्हणाली, बघा, मरतंय काय मी! सगळे बघत होते. एकानेही घास घेतला नाही. एक बाई तर म्हणाली, गो, पचवूची सवय आसा तुका, तुझा काय!"

सवय. माझाच शब्द. पायरीवर बोललेला शब्द तीन दिवसांत बाजारात पोचला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, भांडं घासलं आणि गेली. वर्षाली बरोबर होती. रडत होती ती." वर्षाली तिची मुलगी, बारावी झालेली. एका निवासात स्वयंपाकाला जायची. तिलाही काढलं आहे, हे मला प्राजक्ताकडूनच कळलं. ठरावात ते नव्हतं. ठराव लिहिला की त्याच्या फांद्या आपोआप फुटतात.

प्राजक्ताने माझ्याकडे बघून विचारलं, "आई, तुमचं काही दुखतंय का?"

"दात," म्हणाले.

३१ मे

पत्र लिहिलं. मंडळाच्या अध्यक्षांना. चार मसुदे फाडले, पाचवा ठेवला.

१ जून

पत्र घेऊन गुरुदासकडे गेले. त्याने उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. मग पडवीचं दार आतून लावलं.

"बाईनू, ह्या आणि कोणाक म्हायत आसा?"

"नाही."

"प्राजक्ताक?"

"नाही."

"मगे ऱ्हवांदे." मग तो शुद्ध बोलायला लागला, सरकारी माणसाशी बोलतो तसा. "बाई, नीट विचार करा. मासेवालीचा माल खराब निघाला, ही एक गोष्ट. निवासवाल्यांनी पाहुण्यांना मासळीचा बर्फ पाजला, ही वेगळी गोष्ट. ही बातमी तुमच्या घरावर थांबणार नाही. देवबागेत एकही बुकिंग राहणार नाही. चाळीस घरं आहेत."

"आणि सत्यवतीचं घर?"

"तिचां बघूया. दिवाळीनंतर हळूहळू परत घेऊ तिला. लोक विसरतात."

पत्राची घडी घालून त्याने शर्टाच्या खिशात ठेवली. "मी ह्या वाचूक नाय. तुमी दिलास नाय."

मी त्याला आठवीत दोनदा नापास केलं होतं. आज तो मला सुटण्याची वाट दाखवत होता आणि मला — लिहितेच — हलकं वाटलं. घरी येईपर्यंत हलकं वाटत होतं. घरी येऊन भात वाढून घेतला आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

३ जून, बुधवार

गाऱ्हाणं झालं. न जाऊन चाललं असतं. गेले.

देवळात तीसेक माणसं होती. पुढे मानकरी, त्याच्या बाजूला सत्यवती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मला वाटलं होतं, ती शाप मागेल. ज्याने माझ्या पोटावर पाय दिला त्याचं वाटोळं कर, असलं काहीतरी. तेवढं ऐकायची माझी तयारी होती. मी विज्ञानाची पदवीधर, १९६७ सालची. शापाला घाबरत नाही.

मानकरी तिच्या वतीने बोलू लागला: "बा देवा म्हाराजा! हे तुझ्या लेकरान आज तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घातल्यान हा…"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"तिच्यावर इलेलो आळ खरो आसात, तर तिका तसा दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि खोटो आसात, तर जेका खरा म्हायत आसा, तेका तोंड उघडूची ताकद दी रे म्हाराजा! तेचा वायट करू नको. तेका ताकद दी!"

"व्हय म्हाराजा!"

देवळात उभं राहिलेल्या माणसाने हे म्हणायचंच असतं. तोंड मिटून राहिलं तर शेजारचा वळून बघतो. गुरुदास माझ्या डावीकडे होता. तो म्हणाला, मोठ्याने. मग मीही म्हणाले. "होय महाराजा." तिसऱ्यांदा माझा आवाज इतरांच्या मागून आला, एकटाच. सत्यवतीने मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर पत्राची कच्ची प्रत काढली आणि लाल पेनाने तपासायला बसले. वाक्य होतं: 'वीजपुरवठा खंडित असल्याकारणाने अनवधानाने अयोग्य बर्फ वापरला गेला.'

'अनवधानाने' वर फुली. त्या दिवशी जायफळ मी रोजच्या दुप्पट किसलं होतं. का? बर्फाला वास नाही म्हणून? वास होता. धुऊनही होता. तो मारायला किसलं. म्हणजे मला माहीत होतं.

'वापरला गेला' वर फुली. कुणी वापरला? बर्फ आपणहून चालत आला का ग्लासात?

शेवटी सगळं पत्रच लाल झालं. दहापैकी दोन देईन. दोन अक्षरासाठी.

दुसरं पत्र लिहायला बसले तर तेही तसंच होऊ लागलं. हुद्दे, विनंती, दिलगिरी. पत्रात मी बाई होते. सही करणारी, शिक्का मारणारी.

प्राजक्ताला बोलावून सांगितलं. सगळं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "मला तेव्हाच विचारायचं होतं, वीज नसताना बर्फ कुठला. विचारलं नाही." मग, "आई, आपल्याकडे कुणी येणार नाही आता."

"नाही येणार."

"मुंबईला फोन करून ह्यांना मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"मुलगा माझा आहे. मी सांगते."

निकेतचा पत्ता नोंदवहीतून उतरवून घेतला.

४ जून २००९, गुरुवार

सकाळी अकरा. सत्यवतीच्या पडवीत बसून लिहिते आहे. ती समोर आहे, वर्षाली तिच्या शेजारी. "कॉफीचा काय ता मी सांगूक इलंय," एवढंच बोलले आणि पुढे बोलता आलं नाही.

वर्षालीच्या हातात देते आहे ते:

वही एक. लिहिलेली सगळी पानं आहेत, एकही फाडलेलं नाही. २६ मेचंसुद्धा.

पेन एक.

आईला पहिल्या पानापासून मोठ्याने वाचून दाखव. मी इथेच बसते. मग वही ती सांगेल त्याला दाखव. पुढची पानं कोरी आहेत. त्यावर काय लिहायचं ते ती सांगेल.