नंदाची सायकल, अंबा नदीचा बांध

८ जानेवारी, गुरु.
नंदाच्या कोपराची पट्टी निघाली. सायकल तीन आठवडे चाळीच्या गॅलरीत टांगलेली. शेजारचे येता-जाता आधी सायकलकडे बघतात, मग आमच्या दाराकडे. बोलत कुणी नाही. "सत्तावन्नाव्या वर्षी कशाला ही थेरं" हे कपाळावरच वाचता येतं.

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपाशी डावीकडून स्कूटर आली, तिला दिसलीच नाही. काचबिंदू आहे हे चार वर्षं माहीत. समोरचं लख्ख दिसतं, बाजूचं नाही. घोड्याला झापडं लावतात तसं, असं ती स्वतःच म्हणते आणि हसते. मला हसू येत नाही.

रात्री म्हणाली, सायकल विकायची नाही. मी म्हटलं, विकतंय कोण.

११ जाने., रवि.
स. ६, शिवाजी पार्क. सायकली टेम्पोत घालून नेल्या. कट्ट्याच्या कडेने दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला एक धावणारा बाजूने कापून गेला आणि नंदा उतरली ती उतरलीच. "इथे चहूकडून माणसं उगवतात," म्हणाली.

याच मैदानावर चोपन्नाव्या वर्षी सायकल शिकली बाई. महिनाभर रोज पडायची, घरी येऊन हळद लावायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. गिरगावात वाडीत लहानाची मोठी झाली. भावाला सायकल मिळाली आणि हिला घंटी वाजवायला मिळाली. ते तिने पन्नास वर्षं लक्षात ठेवलं. मी तिच्या जागी असतो तर पहिल्या खरचटण्याला क्रिकेट बघत बसलो असतो.

रस्ता हवा तो असा: सपाट (माझे गुडघे), वाहनं नाहीत, आणि बाजूने काही येणारच नाही. मुंबईत कुणी दाखवला तर पाय धरीन.

१९ जाने., सोम.
सापडला! मुंबईत नाही, पण मुंबईसमोर. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून आत अंबा नदीच्या काठाने. सगळा खारेपाट. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध, सपाट, मैलच्या मैल. जाड टायरच्या सायकलींना आणखी काय हवं.

तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून दुसऱ्यांच्या इमारती काढल्या. आज पहिल्यांदा बायकोसाठी नकाशा काढला. मध्ये कुठे वस्ती, कुठे उघडी (पाणी सोडायचं दार), सगळं दाखवलं. नंदाने भिंग लावून पाहिला. म्हणाली, एक रेघ तर आहे. रस्ताच रेघेसारखा आहे, मी काय करू.

२० फेब्रु.ला डॉक्टरांकडे तिची फील्ड टेस्ट. बाजूची नजर किती उरली ते कळेल. त्यानंतर सायकल राहील की जाईल, कोण जाणे. त्याआधी एकदा तरी तिला पोटभर चालवू द्यायची.

३१ जाने., शनि.
बाजारात मालतीमावशींकडे बोंबील घेतले. कोळीवाड्यातल्या, तीस वर्षांच्या ओळखीच्या. बांधावर भरतीच्या वेळी जाऊ नये एवढं मलाही कळतं, म्हणून विचारलं. त्यांनी बोंबील साफ करता करता सांगितलं: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. पुढेही काहीतरी सांगत होत्या, पण मी मनातल्या मनात गणित करत होतो. मंगळवारी वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला पूर्ण, मग ओहोटी. दीडनंतर निघायचं. सोप्पं.

३ फेब्रु., मंगळ.
आंघोळ झाली, आता लिहितो.

लाँचमध्ये सायकली टपावर. रेवसला जेवलो, सावकाश आत गेलो. बरोबर दीडला बांधावर चढलो. मी पुढे, नंदा मागे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली शेतं, बगळे. चढ नाही, हॉर्न नाही. मागून नंदा काहीतरी गुणगुणत होती. डिसेंबरपासून ऐकलं नव्हतं ते.

अर्ध्या तासाने पाहतो तर पाणी उतरायच्या ऐवजी चढतंय. पुढे बांध अरुंद, जेमतेम दीड हात. शेताच्या बाजूलाही कुठून तरी पाणी शिरलेलं. दोन्हीकडे पाणी, मध्ये मी. मागे वळावं तर मागचा सखल तुकडा बुडालेला. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, हँडल हललं आणि सायकलसकट शेताच्या चिखलात. मांडीपर्यंत.

वर बघतो तर नंदा माझ्या शेजारून सरळ निघून गेली. हलली नाही, डुलली नाही. पुढे उघडीच्या काँक्रीटवर जाऊन उतरली, सायकल भिंतीला लावली, आणि मला काढायला ओढणी घेऊन परत आली. चालत. त्याच दीड हातावरून.

मी म्हटलं, तुला भीती नाही वाटली?

"तुम्ही बाजूला बघता कशाला? मला समोरचा बांध तेवढा दिसतो. तेवढाच लागतो."

उघडीवर तासभर बसलो. अडीचला पाणी थांबलं, मग उतरायला लागलं. शेवटची लाँच मिळाली. चिखलामुळे माझ्या शेजारी कुणी बसलं नाही, नंदा बसली.

मी तिला सांभाळायला गेलो होतो.

४ फेब्रु., बुध.
मालतीमावशींना झाला प्रकार सांगितला. सुरी खाली ठेवून हसल्या. पाऊणपट ही किनाऱ्याची, लालबागात बसून काढलेली. नदीत आत शिरायचं तर वर तासभर धरायचा, हेच त्या शनिवारी सांगत होत्या. "पानी आत चालत जातं भाऊ, त्याला टाइम लागतो." शिवाय द्वितीया म्हणजे उधाणाचे दिवस. आणि मी मुहूर्त काढल्यासारखा तोच दिवस काढला. जायचं तर अष्टमीला, तेव्हा पाण्यात जोर नसतो.

नंदाला हे सांगितलं. चादरी झटकत म्हणाली, एक तक्रार आहे. भरतीची असेल म्हणून मी माफी मागायच्या तयारीत.

"अर्धा तास मला तुमची पाठच दिसली. नदी काठाला लागून होती म्हणे. चालवताना मी पाहिलीच नाही."

मला हे सुचलंच नव्हतं. तिला समोर एवढीशी खिडकी, आणि ती मी भरून टाकलेली.

२० फेब्रु., शुक्र.
टेस्ट झाली. नंदा यंत्रात डोकं घालून बटण दाबत होती, मी बाहेर. डॉ. म्हणाले, डाव्या डोळ्याचं मागच्या वेळेपेक्षा कमी झालंय. थेंब बदलले. तीन महिन्यांनी पुन्हा.

मी गप्प बसणार होतो. नंदानेच सांगून टाकलं, सायकल चालवते. रस्त्यावर अजिबात नाही, डॉ. म्हणाले. मग म्हणाले, जिथे कुणीच नाही आणि पडलं तरी मऊ आहे अशा जागी, सोबत असेल तर, तुमचं तुम्ही ठरवा. मऊ म्हटल्यावर नंदाने माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर मला रडू आलं, तिला नाही. तिने चहा टाकला.

२१ फेब्रु., शनि.
स. उठलो तर भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर नंदा, हातात भिंग. मंगळवारच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलंय: अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, वर एक, सकाळी सातला भरती पूर्ण. सहा तासांनी, दुपारी एकला पाणी तळाला. अकराला बांधावर. गणित तपासलं, बरोबर आहे.

त्याखाली: मी पुढे.

मी पुढे असलो तर खड्डा दिसला की ओरडता येतं, सायकल आडवी घालता येते. मागून मला तिची पाठ दिसणार, बस. दिवसभर हेच डोक्यात. तिने विचारलेलं नाही, मी हो म्हटलेलं नाही. दुपारी दोन्ही सायकली खाली काढून चेनीला तेल घातलं. ते करायचंच होतं.

पेन्सिलने लिहिलंय. खोडरबर माझ्याच खणात आहे. अजून तिथेच आहे.