डॉक्टरांसाठी ठेवलेले बांगडे

प्रिय डेलिशा,

आधी तुझ्या काळजीचं सांगते. पायांची सूज उतरली. चर्चच्या पायऱ्या आता मध्ये न बसता चढते. सूज नाही उतरली तर घर बंद करून वसईला तुझ्याकडे यायचं ठरलं होतं, म्हणून हे पहिलं लिहिलं.

हृदयाचे डॉक्टर मुंबईहून व्हिडिओवर तपासणार, हे माका पटलंच नव्हतं. नाडी न धरता डॉक्टर कसला गो? तरी आरोग्य उपकेंद्रातली नर्स तेजस्वी फोन घेऊन आली तेव्हा मी चर्चमध्ये मिस्साला नेसते ती साडी नेसून बसले होते. मोठ्या डॉक्टरकडे आपण कधी रिकाम्या हाताने गेलो नाही. तुझे पप्पा गोव्याच्या इस्पितळात जातानासुद्धा नारळ न्यायचे. म्हणून मी सुपातले खारे बांगडे फोनसमोर धरले आणि सांगितलं, तुमच्यासाठी ठेवलेत, मुंबईला जाणारं कोणी भेटलं की पाठवते.

डॉक्टर हसले नाहीत. रोज खाता का, एवढंच विचारलं. पावसात होड्या बंद असताना दुसरं काय खाणार? मीठ तर मी केव्हाच कमी केलेलं, आमटीत चिमूटभर. बांगड्यातलं मीठ मी धरलंच नव्हतं, माझ्या लेखी तो मासाच. मग त्यांनी तेजस्वीला फोन स्वयंपाकघरात न्यायला लावला आणि मिठातल्या कैऱ्यांची बरणीसुद्धा बघितली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एवढ्या वर्षांत कुठल्या डॉक्टरने माझी चूल बघितली होती? गोळ्या त्याच ठेवल्या, बांगडे बंद केले. आता तेजस्वी येऊन वजन करते आणि डॉक्टर तिकडून बघतात. देव त्यांचं भलं करो, रोजच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घेते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीस, पण मी येत नाही गो बाय. सूज उतरल्यावर, इथेच राहू का, असं डॉक्टरांना फोनवर विचारलं. राहा म्हणाले. फोन बंद झाल्यावर पप्पांच्या फोटोसमोर बसून पोटभर रडले, इतकं बरं वाटलं. तू मात्र मला फोनवर बघून भागवू नकोस. डॉक्टरांचं तसं भागतं. त्या परक्या माणसाने आपलं स्वयंपाकघर बघितलं, आणि तू पप्पांना माती दिल्यापासून ते बघितलेलं नाहीस. नाताळाक ये.

वाट बघणारी, तुझीच,
माई