सगळे बदला

३ नोव्हेंबर, सोमवार

गेलं! माझं विंडोज गेलं. दुरुस्तीला टाकलेला लॅपटॉप कॉम्प्युटरवाल्या नबीच्या दुकानातून घरी आणून उघडला, तर पडद्यावर सगळं अनोळखी. फोन केला तर म्हणतो, "सर, मशीन जुनी झाली तुमची. नवीन विंडोज याच्यावर चालतच नाई. लिनक्स टाकून देलं. फुकट हाय, मक्खन चालते." फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण पचायला तर हवं!

एक बरं, गोदाबाईची फाइल शाबूत आहे. थोरली बहीण माझी. पातूरच्या बाजारात चाळीस वर्षं फुलं विकली तिनं. दोन वर्षं दर रविवारी अकोल्याहून जातो. ती आपल्या आयुष्याची हकीकत सांगते, मी समोर बसून टाइप करतो. तिच्याच तोंडचे शब्द, भांडणं-शिव्यांसकट. दिवाळीपासून तिला निम्मं आठवत नाही. म्हणून घाई आहे.

५ नोव्हेंबर

काही नवीन टाकायचं म्हटलं की पासवर्ड मागतो — आणि टाइप केला तर काहीच उमटत नाही! ठिपका नाही, चांदणी नाही. कीबोर्ड बिघडला समजून अर्धा तास बडवला. नबी म्हणतो, "दिसत नाई सर, पन तो आत जाऊन राहिला." आणि हा पासवर्ड मागणाऱ्या आज्ञेचं नाव काय, तर सुडो. सूडच आहे हा!

८ नोव्हेंबर

अक्षरांच्या जागाही बदलल्या. सकाळभर 'क्ष' शोधत होतो. छत्तीस वर्षं पातूरच्या शाळेत मराठी शिकवलं, आणि या वयात मला माझंच अक्षर सापडू नये?

१२ नोव्हेंबर

'क्ष' सापडला. 'त्र' हरवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गोदाबाईची फाइल उघडली. पानभर लाल नागमोडी रेघा! मले, तुले, काहून, पाह्यजे — एकही शब्द सोडला नाही. चुका खुणावायला लागल्या की मला स्वस्थ बसवत नाही, जुनी खोड. बाजूला बटण होतं, 'सगळे बदला'. एकेक शब्द घेत दाबत गेलो. तासाभरात पानं स्वच्छ. जतन केलं, बंद केलं. जमायला लागलं म्हणायचं!

१६ नोव्हेंबर, रविवार

पातूरला गेलो. पहिलं पान मोठ्यानं वाचलं. गोदाबाई ऐकत होती, मग हात वर केला.

"हे कोनाचं वाचून राहिला रे खुशाल?"

"तुझंच आहे बाई."

"मी अशी बोलतो काय? ही तं पुन्याची कोनी बाई दिसते. माह्या तोंडात दुसरीची जीभ कायले घातली?"

पुढचं ऐकायलाच तयार नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चहासुद्धा विचारला नाही. मला — सख्ख्या भावाला!

१७ नोव्हेंबर

नबी म्हणतो, जतन करून बंद केलं, आता जुनं परत येत नाही. हातानं दुरुस्त करायला बसलो. 'मला'चं 'मले' करणं सोपं. पण 'का' आहे तिथं ती 'काहून' म्हणाली होती की 'कावून'? ती दोन्ही म्हणते. फोन करून विचारलं. "मले काय मालूम आता," म्हणाली आणि ठेवून दिला.

एकशे बारा पानं. तिची होती, आता कोणाचीच नाहीत. डोकं फुटायची वेळ आली रागानं.

२० नोव्हेंबर

नबीला झाडलं. तो शांतपणे म्हणतो, "सर, हे कंपनीचं नाई. लोकं मिळून बनवतात. चूक दिसली तं त्याईले लिहा ना." ज्या यादीत नसलेल्या शब्दांखाली लाल रेघ येते, ती यादी करणाऱ्या मंडळींचा पत्ता त्यानंच काढून दिला.

लिहिलं! चांगलं सणसणीत. "लाखभर शब्दांत 'मले'ला जागा नाही? अख्खं वऱ्हाड चुकीचं बोलतं काय? कोण्या दिवट्यानं केली ही यादी? एका म्हातारीच्या तोंडचे शब्द तुम्ही पुसलेत, याची लाज वाटू द्या." खाली पूर्ण सही — खुशालराव, निवृत्त मराठी शिक्षक, पातूर. पाठवल्यावर बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर

उत्तर आलं.

"सर, नमस्कार. यादी मीच केली. मी करिश्मा, २००९ची आठवी ब. आता अमरावतीला असते. निबंधात 'मले' लिहिलं म्हणून तुम्ही माझ्याकडून शंभर वेळा 'मला' लिहून घेतलं होतं. यादी करताना तो शब्द मी मुद्दाम गाळला नाही. तो मला आठवलाच नाही. आता टाकू का, सर?"