मस्टँगच्या चाकांपुढची लिंबं

प्रिय दादांस,

चारुदत्तला जाऊन चार महिने झाले. परवा त्याच्या ड्रॉवरमध्ये दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या एका गोडाऊनची किल्ली सापडली, म्हणून मी आणि अवनी तिथे गेलो. आत ताडपत्रीखाली लाल मस्टँग होती, १९६९ची. लहानपणी तुम्ही दोघांनी कपाटाच्या दारावर आतून जिचं चित्र चिकटवलं होतं, तीच. मीटरवर जेमतेम नऊशे मैल.

वॉचमन म्हणाला, "साब हर जुम्मे को आते थे. पोंछते थे, बैठते थे, चलाते नहीं थे. बोलते थे, पहले बड़ा भाई चलाएगा."

अवनी म्हणाली, "आई, जस्ट सेल इट."

मी वाकून पाहिलं. नव्या गाडीच्या पूजेला ठेवतात तशी चारही चाकांपुढे लिंबं होती. वाळून काळी झालेली, पण अख्खी.

पाच वर्षांपूर्वी तुम्ही जानेवारीत इकडे आमच्याकडे येतो म्हणाला होतात. अवनीची बोर्डाची परीक्षा आहे, नंतर या, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. चारुदत्तला सांगितलं, दादांना सवड नाही. तुम्ही परत विचारलं नाहीत. त्यानेही नाही.

दादा, अवनी तेव्हा नववीत होती. परीक्षा कसलीच नव्हती. आल्यागेल्याचं करून करून मी दमले होते, एवढंच.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही गाडी चालवायला याल, आणि ती लिंबं चिरडताना मला तुमच्या शेजारी बसावं लागेल.

तुमची,
अनुराधा