ओटीच्या खणांची वाकळ

वाशी, जि. धाराशिव,
२४ जानेवारी २०२५

प्रिय मिनाज,

तुला आणि फिरोजभाईंना माझा नमस्कार. तुझ्या सासूबाईंना सलाम सांग. इकडं सगळं ठीक आहे. संक्रांतीची गर्दी ओसरल्यामुळं आमच्या ह्यांची गिरणी दुपारी निवांत असते. आत्याबाईंचा गुडघा थंडीनं धरलाय, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजी नको. मी मजेत आहे. माझं अक्षर बघ कसं ठाशीव आलंय.

फोन का केला नाही म्हणून विचारशील. लिहावंसं वाटलं, एवढंच धर. चन्नबसप्पा भावजी उद्या धाराशिवला निघालेत. फिरोजभाईंचं पंक्चरचं दुकान त्यांना माहीत आहे, त्यांच्याच हाती हे पत्र देते.

तुझा फोटो पाहिला. बचत गटाच्या प्रदर्शनातला. शेजारची निकिता मोबाईल नाचवत आली, “काकू, ही तुमची मैत्रीण न्हाय का?” तू हिरव्या ओढणीत, पुढं टेबलभर जुन्या ट्यूबच्या पर्सा आणि पाकिटं, आणि बायका अशा वाकलेल्या की जणू सोनाराचं दुकान. मी म्हटलं, “व्हय, माझीच.” मग घरात येऊन भांडी अशी आदळली की आत्याबाई म्हणाल्या, “भांडी घासतीस का कुटतीस?”

तोंडावर गोड बोलणाऱ्या बायका मला कधी आवडल्या नाहीत, म्हणून लिहूनच टाकते. मिनाज, मी तुझ्यावर जळते. चांगली धडधडून जळते.

फोटोवर नाही गं, आणि पर्सा विकल्या गेल्या म्हणून तर मुळीच नाही. दवाखान्यात आपण दोघी एकाच बाकावर बसलो होतो, आठवतं? दोघींचा आजार एक, दोघींची गोळी एक. मन कधी माळवदावर चढून बसायचं तर कधी आडात उतरायचं. तू तर माझ्यापेक्षा जास्त रडायचीस. मी तुला पदरानं डोळे पुसून दिलेत. मग तूच कशी सावरलीस? मी का तिथंच बसून राहिले?

वर आपल्या डॉक्टरीणबाई! त्यांच्या टेबलावर तू केलेला ट्यूबचा पेनस्टँड आहे. मी गोळ्या घ्यायला गेले की त्या हमखास त्यातलाच पेन काढतात आणि म्हणतात, “बघा जगदेवीबाई, मिनाज कशी कामाला लागली. तुम्हीही काहीतरी करा.” गोळी दिवसातून दोनदा घ्यायची, तुझं कौतुक मात्र उठता बसता. एकदा तर तो पेनस्टँड उचलून खिडकीबाहेर टाकावासा वाटला.

येळवशीच्या अवसेला तू आमच्या रानात जेवायला आलीस, तेव्हाही तेच. आंबील-भज्जी खाऊन झाली आणि तू पिशवीतून ट्यूबची एक पर्स काढून माझ्या हातात दिलीस. माझ्या हातात ती किती वेळ राहिली? सगळ्यांनी ओढून घेतली. लग्नापासून मी उशांच्या अभ्र्यांवर फुलं काढते आहे, त्याच उशांवर हे घोरतात, पण एकदा तरी फुलाकडं बघितलं असेल तर शपथ. तुझी पर्स मात्र नाकाला लावून वास घेऊन बघितली. “ट्रकची ट्यूब म्हनं! रबराचा वास बी येत न्हाय.” आणि आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “हिच्याकडून शिक की गं कायतरी.” तू लाजून हसलीस. मला तुझं ते हसू नको झालं होतं.

म्हणून मीही कामाला लागले. आणि काय केलं ते ऐकशील तर थक्क होशील.

तुमच्यात ओटी भरत नाहीत, म्हणून आधी सांगते. आमच्याकडं कुणाच्या घरी सवाष्ण गेली की तिची खणा-नारळानं ओटी भरतात. नारळ फुटतो, खोबरं चटणीत जातं, खण मात्र अमर. कापड इतकं पातळ की चोळी शिवली तर पहिल्या धुण्यात उसवावी. तेव्हा कुणीच शिवत नाही. आलेला खण पेटीत ठेवायचा आणि दुसरीची ओटी भरायला काढायचा. ती तिसरीला देते. फिरून फिरून भोपळे चौकात. सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कुणी नाही. फक्त ज्या घरचा खण त्याच घरी परत जाऊ नये, एवढं जपायचं. त्यासाठी आत्याबाई प्रत्येक खणाच्या कोपऱ्याला दोऱ्याची गाठ मारून ठेवतात. समोरच्या हरणाबाईंचा दोरा तांबडा, मथुराबाईंचा पिवळा, असं घराघराचं. ही पद्धत त्यांना त्यांच्या सासूनं शिकवली आणि त्यांनी मला.

ती पेटी मी उघडली. मोरपंखी, डाळिंबी, चिंतामणी, किती रंग गं मिनाज! इतकी वर्षं अंधारात पडलेले. मी त्यांची वाकळ शिवायला घेतली. जेवण सुचेना, झोप येईना, आणि न झोपताही थकवा म्हणून नाही. सुई नुसती पळत होती. कोपऱ्यातले दोरे तोडायचं जिवावर आलं, इतके गोड दिसत होते. म्हणून गाठी तशाच ठेवल्या आणि काठाला ओळीनं लोंबू दिल्या. आणि आमच्या घरी हळदीकुंकू होतं त्या दिवशी ती वाकळ मी बैठकीत भिंतीभर टांगली. तुझं टेबल होतं ना, तशी माझी भिंत.

बायका आल्या. आधी सगळ्या बघतच राहिल्या. खरंच सांगते, तुझ्या पर्सेपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग हरणाबाई पुढं झाल्या आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. “ह्यो तर म्या मथुराबाईला दिल्याला खण. हितं कसा?” मथुराबाईंचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यावर निभावलं असतं. हसून कुणीतरी विषय बदलला असता. पण मी बोलू लागले. मला राहवेना. काठाचा एकेक दोरा धरून मी सांगत सुटले, हा हिच्याकडून आला, तो तिला जाणार होता, अमकीनं तमकीच्या बाळंतपणातला खण डोहाळजेवणात खपवला. मोठमोठ्यानं. हसत हसत. त्यांना वाटलं मी मुद्दाम अपमान करते आहे. मला वाटत होतं मी सगळ्यांना केवढी गंमत दाखवते आहे.

वाण न घेताच बायका उठल्या. तेव्हापासून आत्याबाईंना एकाही घरून हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. रथसप्तमी जवळ आली तरी नाही. या वयात त्यांना तेवढाच एक विरंगुळा. त्या मला बोलल्या नाहीत. नुसत्या जवळ आल्या, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच विचारलं, “गोळी घेतीस नव्हं, बाई?”

मी म्हटलं, “घेते की.”

घेत नाही, मिनाज. येळवशीपासून बंद आहे.

तुला कळेल का बंद केली ते. त्या गोळीनं माझे हात थरथरतात. सुईत दोरा ओवायला घेतला की दोरा एकीकडं, सुई एकीकडं. येळवशीला तुझी ती पर्स बघितली आणि वाटलं, हिचे हात थरथरत नाहीत. देवानं गोळीचा गुण हिला दिला आणि थरथर तेवढी मला. मग घरी येऊन गोळ्यांची पाकिटं ज्वारीच्या कणगीमागं सारली. काही दिवसांत हात थांबले. म्हणून हे असं मोत्यासारखं अक्षर. आणि म्हणूनच फोन नाही केला. दोन वाक्यांत तू माझ्या बोलण्याचा वेग ओळखला असतास.

आता कालचं सांगते. काल मी कात्री घेऊन तुझी पर्स कापायला बसले होते. वाईट वाटून घे, मला चालेल. कडेची गुंफलेली वादी आधी सोडवली आणि थांबले. शिवण नव्हतीच ती. ठोकून भोक पाडायच्या पोगरानं केलेली मोठमोठी भोकं आणि त्यांतून ओवलेली रबराची वादी. सुईचं काम कुठंच नाही. आणि कितीतरी भोकांशेजारी आणखी एक भोक, वाकडं, चुकलेलं, वादीखाली झाकलेलं. पोगर घसरल्याशिवाय असं होत नाही. आणि कुणाच्याही हातातून इतक्या वेळा घसरत नाही.

तुझेही हात थरथरतात. होय ना?

मला वाटलं होतं, हे कळल्यावर माझा जळफळाट शांत होईल. उलट जास्तच पेटला. तू गोळी घेतलीस, थरथर घेतलीस, आणि तिला चालेल असं काम शोधून काढलंस. मी चांगले हात मिळावेत म्हणून डोकं गहाण टाकलं. आणि एवढ्या दिवसांत तू एका शब्दानं बोलली नाहीस. लाजत होतीस का माझ्यापुढं? का मी विचारलंच नाही? मी तुला काय विचारणार, मी तर तुझ्यावर जळण्यात गुंतले होते.

आता माझं मन फार वर चढलंय, मिनाज. खाली बघितलं की भीती वाटते. आज सकाळी ह्यांचं धोतर कापायला काढलं होतं आणि आत्याबाईंनी हातातून कात्री घेतली. ती त्यांनी कुठं ठेवली ते मी विचारलं नाही. ह्यांना सांगितलं तर गिरणी बंद करून माझ्यासमोर घाबऱ्या डोळ्यांनी बसून राहतील, आणि मला ते डोळे सोसत नाहीत. डॉक्टरीणबाईंसमोर एकटीनं जाऊन बसायची छाती नाही. साऱ्या जिल्ह्यात ज्या एका बाईचं तोंड बघू नये असं मला वाटतं, तिच्याखेरीज मला कुणाला हाक मारता येत नाही. बघ माझं नशीब.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं येते. आत्याबाई सोबत आहेत, त्यांनीच तसं ठरवलंय. तू स्टँडवर थांब. दवाखान्यात माझ्या शेजारी बस आणि मी गप्प बसले नाही तर मला गप्प कर. मला बघून “किती छान दिसतेस गं” म्हणू नकोस. पत्राच्या सुरुवातीला मजेत आहे असं लिहिलंय, ते खोडणार होते, पण राहू दे. तुला माझं खोटं ओळखता आलं पाहिजे.

मी बरी नाही, मिनाज. ये.

तुझ्या बरं होण्यावर जळणारी,
जगदेवी