उजवी बाही

२ नोव्हेंबर, शनिवार

आज मी खोटं बोलले. पंधरा माणसांसमोर, अगदी हसत हसत.

पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, विकणाऱ्याच्या मागच्या खोलीत आमच्या जॅकेटवाल्यांची, चामड्याचं जॅकेट वर्षानुवर्षं घालून झिजवणाऱ्या हौशींची, महिन्याची बैठक होती. नवा माणूस आला होता. वेंडेल फ्रीझन, राहणार शेजारच्या स्टाइनबाख गावी. पन्नाशीचा, गाल लाल, बोलणं हळू. रीतीप्रमाणे त्याने जॅकेट टेबलावर ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून बसला. मालकाने तोंड उघडायचं नाही. आधी आम्ही जॅकेट बघून त्याचं काम ओळखायचं, मग त्याने आपली कहाणी सांगायची. इथे सगळ्यांची ओळख अशीच झाली आहे. ओरेस्ट न्हावी आहे, हे त्याच्या बाहीवरच्या कात्रीच्या चऱ्यांवरून मीच ओळखलं होतं.

जॅकेट झकास! घोड्याचं कातडं, तपकिरी, जाड. तीन हिवाळे अंगावर आहे, एवढं आल्या आल्या म्हणाला होता. ओरेस्टने कंबरेपाशी बोट फिरवलं. "हा बसून कमावतो. ट्रकवाला असणार, नाहीतर नाव बदलीन!"

माझी पाळी नेहमी शेवटी. एकतीस वर्षं कारखान्यात मी फक्त बाह्या बसवल्या, म्हणून हा मान. डावी बाही छान होती. हात हलतो, अंगाला घासतो, तिथे रंग गेलेला. उजवी बघितली. बगलेखाली कोरी! कोपराला तीनच वळ्या, पण खोल, एकाच जागी. हात वाकलेला राहतो आणि हलत नाही. आणि चेनच्या खालच्या टोकाभोवती बारीक ओरखडे. वीस नव्हेत, शंभर असतील. रोज सकाळी चेनचं टोक बसवायला धडपडणाऱ्या बोटांचे.

माझ्या नवऱ्याच्या, स्टॅनच्या जॅकेटवर अगदी असंच होतं.

"कारकून," मी म्हणाले. "उजवा हात खिशात घालून विचार करत बसणारा!" सगळे हसले. वेंडेल वळला आणि म्हणाला, "शाळेची बस चालवतो. बावन्न मुलं." ओरेस्टला टाळ्या मिळाल्या. मी उजवी बाही पुन्हा हातात घेतली.

३ नोव्हेंबर

स्टॅनचं जॅकेट कपाटातून काढलं. तो गेल्यावर चार वर्षांत पहिल्यांदा.

तेच! त्याच तीन वळ्या. स्टॅनला कंपवात आहे हे डॉक्टरने सांगितलं, त्याच्या दोन वर्षं आधीपासून ती बाही माझ्या डोळ्यांसमोर खुंटीवर लटकत होती. जगाच्या बाह्या मी वाचायचे आणि घरची वाचली नाही. मी त्याला आळशी म्हणायचे. "हात हलवत चाल की, खांबासारखा काय चालतोस!" असं म्हणायचे मी त्याला. कंपवात म्हणजे हात थरथरणार, एवढंच मला माहीत होतं. हात हलायचा थांबतो, हे कुणी सांगितलंच नाही.

आणि पाय उशीर करतो. स्टॅनचा पाय ब्रेकवर पोचायला उशीर झाला आणि गाडी शेजाऱ्याच्या कुंपणात शिरली. कुंपणच होतं, म्हणून निभावलं. बसमध्ये बावन्न मुलं असतात.

५ नोव्हेंबर

डार्सीचा फोन. थंडर बेला गेल्यापासून लेकाला आईची आठवण मंगळवारीच होते. बंदरावर क्रेन चालवतो, एवढ्या उंचीवर बसतो की मला नुसतं ऐकून घेरी येते.

"काय मग आई, या महिन्यात कुणाची अब्रू काढलीस?"

मी नाव न घेता सगळं सांगितलं. बस, मुलं, बाही. तो म्हणाला, "कुठली बाही?"

"उजवी."

"आई, तू ना, त्यात पडू नकोस. तुझं चुकत असेल. एखाद्याचं काम जाईल तुझ्या हौसेपायी."

"आणि मुलं मेली तर?"

"म्हटलं ना, सोडून दे!" जवळजवळ ओरडलाच. मग लगेच सॉरी म्हणाला, दमलोय म्हणाला. नाताळला येतोस का विचारलं, तर बघू. गेल्या वर्षीही बघूच होतं. आता वीस महिने झाले मुलाचं तोंड बघून. बापाच्या आजारपणाचा विषय निघाला की असाच तडकतो. मी तरी कशाला काढते!

१२ नोव्हेंबर

बर्फ. सकाळी साडेसातला रेडिओ लावून उभी राहिले. आता हे रोजचंच झालंय. साडेसात ते नऊ मी घरात बसूच शकत नाही. आज सांगितलं, शाळेची एक बस खड्ड्यात गेली, कुणाला लागलं नाही. गाव सांगेपर्यंत मी रेडिओला कान लावून उभी. दुसरंच गाव होतं. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

१३ नोव्हेंबर

ओरेस्टच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. सगळं सांगितलं. तो वस्तरा पुसत ऐकत होता.

"लॉर्ना, तू एकदा पाद्र्याला खाटीक ठरवलं होतंस."

"तो रविवारी भावाच्या दुकानात मांस कापायचा!"

"शनिवारी. रविवारी तो प्रवचन द्यायचा." मग हसू आवरून म्हणाला, "हे बघ, वाचन हा आपला खेळ आहे. खेळावरून माणसाला रस्त्यावर आणायचं? वेंडेलच्या बापाने बस चालवली, आता हा चालवतो. दुसरं काही येत नाही त्याला."

"म्हणजे मी गप्प बसू?"

"मी असं म्हटलं नाही," तो म्हणाला. मग काय म्हटलं, ते मात्र त्याने सांगितलं नाही. पुरुषांना हे छान जमतं.

१६ नोव्हेंबर

स्टाइनबाखला जाऊन आले. निमित्त काय, तर चेन दुरुस्त करून देते. वेंडेलची बायको एल्फ्रीडा फार गोड बाई. बोर्श्टचं सूप, घरचा पाव, वर प्लमचा केक. मी जेवत नव्हते, त्याचा हात बघत होते. चमचा नीट धरला. कप नीट ठेवला. थरथर नाही. पण थरथर स्टॅनलाही नव्हती, आणि पाहुणे आले की तो अगदी सरळ व्हायचा! पुढे अंगणात चालेल तेव्हा बघायला मिळेल म्हटलं, तर दोन्ही हात खिशात. बाहेर उणे अठरा, माझेही खिशातच होते.

"चेनला काय झालंय? चांगली चालते की," तो म्हणाला.

"हे ओरखडे," मी बोट ठेवलं.

तो लाल झाला. कानांपर्यंत. "ते... असेच," म्हणाला आणि जॅकेट माझ्या हातातून काढून घेतलं. लपवतोय! माहीत आहे त्याला. बोलायला हवं होतं. पण एल्फ्रीडा केक बांधून देत होती, आणि मी तिचे आभार मानत बसले. केक घेऊन परत आले. शी!

२० नोव्हेंबर

आजही वेंडेलला फोन केला नाही. भित्री.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सांगून टाकलं.

एल्फ्रीडा चर्चच्या कामाला गेली होती. मी कोट न काढताच बोलले, नाहीतर धीर गेला असता. स्टॅनचं सांगितलं. दोन जॅकेटं शेजारी ठेवून बाह्या दाखवल्या. वेंडेल स्टॅनच्या बाहीवर वाकला. "ही बाही..." म्हणाला आणि थांबला. चेहरा असा पडला, जसा चोरी करताना धरलेल्या माणसाचा.

"एका बाहीवरून तुम्ही मला बसवरून उतरवणार?"

"तुम्ही स्वतः डॉक्टरकडे जा. नाही गेलात तर मी शाळेच्या ऑफिसला पत्र लिहीन."

"मला काही झालेलं नाही, लॉर्नाबाई."

"माझा नवराही असंच म्हणायचा."

त्याने पुन्हा तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होता, मला कळत होतं. पण दार उघडून उभा राहिला. मी स्टॅनचं जॅकेट उचलून निघाले.

२८ नोव्हेंबर

वेंडेलने आपण होऊन ऑफिसात सांगितलं! डॉक्टरचा कागद येईपर्यंत त्याला बसवरून उतरवलंय. ओरेस्टने फोनवर विचारलं, "झालं समाधान?"

झालं का? सकाळी रेडिओ लावला नाही, एवढं खरं. पण आता दुसरीच धास्ती. माझं चुकलं असेल तर? आणि चुकलं नसेल तर एल्फ्रीडाला पुढची दहा वर्षं काय काय बघावं लागेल, ते मी तिला नावानिशी सांगू शकते. दोन्हींतलं काय मागू, कळत नाही.

३ डिसेंबर

मंगळवार असून डार्सीचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. बंदर गोठून बंद होण्याआधीची घाई असणार.

७ डिसेंबर, शनिवार

बैठक. मी गेले, कारण न जाणं म्हणजे पळणं झालं असतं. कुणी शेजारी बसलं नाही. पिरोगीची थाळीसुद्धा माझ्यापर्यंत येता येता रिकामी झाली.

मग वेंडेल आला. नुसत्या स्वेटरवर, जॅकेट हातात. टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिला.

"डॉक्टरने तपासलं. दोन डॉक्टरांनी. मी ठणठणीत आहे. सोमवारी परत बसवर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगली तर बरं, असं मला झालं होतं.

"पण लॉर्नाबाईंनी बरोबर वाचलं," तो म्हणाला. "बाही माझी नाही."

त्याने मान खाली घातली. "हे मी घासलेलंच घेतलं. ऑगस्टमध्ये, नेटवरून. नव्या जॅकेटने आलो असतो तर तुम्ही काय वाचलं असतं? म्हणून म्हटलं, तीन हिवाळे माझे."

हे आमच्यातलं एकमेव पाप. दुसऱ्याचं झिजलेलं घेऊन आपलं म्हणून मिरवायचं. दोन वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरला याच खोलीतून आम्ही हसून हसून घालवलं होतं. आणि हा लाजाळू गडी ते कबूल करण्यापेक्षा बस सोडून दोन डॉक्टरांकडे जाऊन आला! मी धमकी दिली, तेव्हा एका वाक्यात सुटला असता.

ओरेस्ट पहिला हसला. मग सगळेच. "दंड!" तो ओरडला. "वर्षभर तुझ्याकडून पिरोगी. आणि नवं जॅकेट घे, निदान पुढच्या जन्मी तरी वाचता येईल!" कुणीतरी वेंडेलच्या पाठीत थाप मारली. एकाने मला खुर्ची सरकवली. मी रडले, लाज सोडून. बावन्न मुलं सुखरूप. एल्फ्रीडा सुखरूप. महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठलं.

निघताना कोट घालत होते तेव्हा डोक्यात आलं. बाही कुणाची तरी आहेच की! तो कुठेतरी आहे, आणि त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नाही. वेंडेलला विचारलं, कुणाकडून घेतलं?

"ओंटारियोतला कुणी. आता चेन लावायला जड जातं, विकतोय, एवढंच लिहिलं होतं. पार्सलचा कागद असेल घरी. शोधतो."

"शोधा. मी त्याला पत्र लिहीन." आता काय सांगायचं ते मला पाठ झालंय. अनोळखी माणसाला सांगणं सोपंही जाईल.

८ डिसेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर वेंडेलचा फोन. कागद सापडला होता. तो पत्ता सांगू लागला आणि मी लिहून घेऊ लागले. रस्त्याच्या नावापाशी मी पेन खाली ठेवलं. त्याला वाटलं फोन तुटला. हॅलो, हॅलो करत होता.

तो पत्ता दर डिसेंबरला मीच पार्सलवर लिहिते. डार्सीचा.

उद्या सकाळी सहाला तो क्रेनवर चढेल.