पोरीच्या खोलीतला भाडेकरू

४ जानेवारी
संस्थेच्या बाईंनी फोटो दाखवला. चार वर्षांची पोरगी, कपाळाला आठ्या. थेट माझ्यावर गेलीय. दत्तक घेणार तर हीच. फी, वकील, डॉक्टरचे दाखले धरून आकडा ऐकला आणि नवऱ्याला ठसका लागला. मी पैशाला अडणारी बाई नाही. चहा बंद. रोज दोन झगे जास्त शिवायचे.

५ जानेवारी
चहाशिवाय कात्री वाकडी जाते. चहा चालू. पोरीची दुलई शिवायला घेतली.

१९ जानेवारी
नणंदेकडे उसने मागितले. म्हणाली, विकतच घ्यायचं तर म्हैस घे वहिनी, दूध तरी देईल. मी म्हटलं, तुझे दोघे फुकट आले, तसेच दिसतात. पैसे दिले नाहीत. नसती कटकट गेली.

२० फेब्रुवारी
डोकं लागतं. मागची खोली भाड्याने दिली, एका म्हाताऱ्या घड्याळजींना. डिपॉझिट हातात पडलं तसंच फीमध्ये भरलं. नवरा विचारतो, पोरगी कुठे झोपणार. या माणसाला पुढचं दिसतच नाही.

१२ मार्च, सकाळ
तपासणीच्या बाई न कळवता आल्या. मुलीची खोली दाखवा म्हणाल्या. दार उघडलं. घड्याळजी बनियनवर, दात ग्लासात. मी सांगितलं, पाहुणे आहेत. तेवढ्यात घड्याळजींनी भाड्याची पावती मागितली.
तीस तारखेपर्यंत खोली रिकामी हवी. नाहीतर पोरगी यादीतल्या पुढच्या घरी.

१३ मार्च
घड्याळजी म्हणाले, डिपॉझिट द्या, लगेच जातो. संस्था म्हणते, भरलेली फी परत नाही. मशीन विकायला काढलं. नवरा म्हणाला, मग फॉर्मवर तुझी कमाई काय लिहायची. याला अक्कल येते ती पण नको त्या दिवशी.

३० मार्च
संस्थेचा फोन वाजला. उचलला नाही. आपल्याला सांगितलंच नाही तर मुदत संपते कशी?

२ एप्रिल
सांगितलं. दाराशी येऊन. पोरगी गेली. तिकडे खोली आहे म्हणे.
आमचं नाव यादीत राहील.

५ एप्रिल
घड्याळजींना ताप. अंगावर घालायला दुसरं काही नव्हतं, दुलई घातली. पाय गुडघ्यापासून बाहेर. उद्या खाली दोन हात पट्टी जोडते. वाया नाही जाणार. पोरं काय, बघता बघता वाढतात.